माजी सैनिकाचे डिस्चार्ज बुक : राहून गेलेल्या प्रशिक्षणाची नोंद

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, अहिल्यानगर, पुणे आदी जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात भरती होत आले आहेत. साताऱ्याजवळील अपशिंगे या गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. हे जवान पंधरा-वीस वर्षांची सेवा करून गावी परततात तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आतबाहेर असते. मुलांची शिक्षणे व्हायची असतात, घर बांधायचे असते, आणि निवृत्तिवेतनावर सारा प्रपंच चालविणे कठीण असते. साहजिकच त्यांना दुसरी नोकरी शोधावी लागते. या दुसऱ्या नोकरीचा दरवाजा उघडणारी किल्ली म्हणजे त्यांचे डिस्चार्ज बुक, अर्थात सेवामुक्ती पुस्तिका.

सैन्याने जवानाला इंजिन दुरुस्त करणे, वायरलेस यंत्रे चालविणे, रुग्णाची शुश्रूषा करणे, पूल उभारणे अशी नाना कौशल्ये शिकविलेली असतात. परंतु निवड समितीसमोर जवानाचे हात बोलत नाहीत. तेथे कागद बोलतो. पुस्तिकेत एखाद्या प्रशिक्षणाची नोंद राहून गेली असेल, तर ते प्रशिक्षण घेऊनही न घेतल्यासारखेच होते. अशा चुकीची दुरुस्ती करता येते. मात्र तिची रीत ठरलेली आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे अनेक माजी सैनिक चुकीच्या दाराशी खेटे घालत राहतात. पंचायत सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील अधिकारी यांच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत माजी सैनिकही असतात. ही रीत त्यांनाही माहीत असणे उपयुक्त ठरेल.

पुस्तिकेत काय असते?

डिस्चार्ज बुक हे जवान ज्या रेजिमेंटचा अथवा कोअरचा असेल तिच्या अभिलेख कार्यालयाकडून दिले जाते. जवानांच्या बोलीत हे कार्यालय ‘रेकॉर्ड ऑफिस’ म्हणूनच ओळखले जाते. पुस्तिकेत जवानाचा सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव, जन्मतारीख, भरतीची व सेवामुक्तीची तारीख, सेवामुक्तीचे कारण, वर्तणुकीचा शेरा, वैद्यकीय श्रेणी, पदके, कुटुंबाची माहिती, शरीरावरील ओळखखुणा आणि शिक्षण व ट्रेड यांच्या नोंदी असतात. नोकरीसाठी अर्ज करताना, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदविताना, सवलतींचा लाभ घेताना हीच पुस्तिका पुढे करावी लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ही पुस्तिका हा मूळ अभिलेख नव्हे. ती मूळ अभिलेखावरून तयार केलेला उतारा आहे. मूळ अभिलेख म्हणजे अभिलेख कार्यालयात ठेवलेला जवानाचा ‘शीट रोल’ व त्यासोबतची सेवेची कागदपत्रे. म्हणून पुस्तिकेत चूक आढळली, तर पहिला प्रश्न विचारायचा तो असा : चूक केवळ उताऱ्यात आहे, की मूळ नोंदीतच आहे? पुढचा सारा मार्ग या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

नोंद कशी होते आणि कशी राहते?

जवानाच्या सेवेत घडणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या घटनेची, मग ती बढती असो, विवाह असो, अपत्यजन्म असो वा प्रशिक्षण असो, त्याच्या युनिटकडून एका आदेशाद्वारे प्रसिद्धी केली जाते. या आदेशाला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. त्याची प्रत अभिलेख कार्यालयाकडे जाते आणि तिच्या आधारे शीट रोलमध्ये नोंद होते. सेवामुक्तीच्या वेळी या नोंदींवरून डिस्चार्ज बुक तयार होते. म्हणजे प्रशिक्षण संस्थेतील निकाल, युनिटचा आदेश, अभिलेख कार्यालयाची नोंद आणि शेवटी पुस्तिका, अशी ही चार कड्यांची साखळी आहे. यांपैकी कोणतीही कडी निसटली तरी नोंद पुस्तिकेपर्यंत पोहोचत नाही.

कडी निसटण्याची कारणे बहुधा साधी असतात. जवान प्रशिक्षणासाठी दूरच्या संस्थेत गेलेला असतो आणि त्याच काळात युनिट सीमेवर हलविले जाते. प्रशिक्षणाचा निकाल जुन्या युनिटच्या पत्त्यावर पोहोचतो, तोवर जवानाची बदली झालेली असते. कधी आदेश निघतो, पण त्यात सैनिकी क्रमांकाचा एक अंक चुकतो आणि नोंद भलत्याच्याच खात्यावर जाते किंवा अनिर्णीत राहते. कधी शीट रोलमध्ये नोंद असते, पण पुस्तिका लिहिताना लेखनिकाच्या नजरेतून सुटते. जुन्या काळी ही सारी नक्कल हाताने होत असे. त्यामुळे अशा उणिवा अधिक आढळतात.

कोणत्या प्रशिक्षणाची नोंद मागावी?

सैन्यात जवान सतत काही ना काही शिकतच असतो. युनिटमध्ये चालणारे लहानमोठे सरावपाठ, काही दिवसांची परिचयात्मक शिबिरे, कवायतीचे वर्ग या सर्वांची नोंद पुस्तिकेत असावी अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. नोंद मागावी ती मुख्यत्वे तीन प्रकारच्या प्रशिक्षणाची.

पहिला प्रकार म्हणजे ट्रेडचे प्रशिक्षण आणि ट्रेडमधील वरच्या श्रेणीची परीक्षा. मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, रेडिओ ऑपरेटर, नर्सिंग असिस्टंट, ड्रायव्हर यांसारख्या ट्रेडना नागरी जीवनात थेट उपयोग असतो. दुसरा प्रकार म्हणजे मान्यताप्राप्त सैनिकी संस्थांमधील औपचारिक अभ्यासक्रम. वडोदरा येथील ई.एम.ई. स्कूल, महू येथील दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय, पुण्यातील दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, लोणावळ्याचे नौदलाचे आय.एन.एस. शिवाजी, देवळालीचे तोफखाना विद्यालय, पुण्याची लष्करी शारीरिक प्रशिक्षण संस्था ही त्यांची काही उदाहरणे. तिसरा प्रकार म्हणजे शैक्षणिक प्रमाणपत्रे.

या तिसऱ्या प्रकाराकडे बहुधा दुर्लक्ष होते; पण त्यावर फार मोठी गोष्ट अवलंबून असू शकते. केंद्र शासनाच्या १९७९ च्या माजी सैनिक पुनर्नियुक्ती नियमांत १९८६ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, किमान १५ वर्षे सेवा झालेला मॅट्रिक उत्तीर्ण माजी सैनिक, गट ‘क’ मधील माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या काही पदांसाठी पदवी नसतानाही पात्र धरता येतो. तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव ज्यांना अत्यावश्यक नाही अशी ही पदे मुख्यत्वे आहेत. भारतीय सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र किंवा नौदल व वायुदलातील तत्सम प्रमाणपत्र मिळविणाऱ्याचा ‘मॅट्रिक’ या संज्ञेत समावेश होतो. शाळा अर्धवट सोडून भरती झालेल्या आणि सेवेत असताना हे प्रमाणपत्र मिळविलेल्या जवानाच्या पुस्तिकेत ती नोंद नसेल, तर पदवीची अट शिथिल होण्याचा त्याचा मार्गच बंद होतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गट ‘क’ व ‘ड’ मध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु आरक्षण असले तरी पदाची शैक्षणिक व तांत्रिक अर्हता सिद्ध करावीच लागते.

काही प्रशिक्षणे त्यांच्या गोपनीय स्वरूपामुळे तपशीलवार नोंदविली जात नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. अशा बाबतीत आग्रह धरण्यात अर्थ नसतो.

पुरावा : बळकट आणि दुबळा

दुरुस्तीचा अर्ज म्हणजे विनंती. पण दुरुस्ती होते ती पुराव्यावर. पुराव्याचेही प्रकार असतात. प्रशिक्षण संस्थेचे मूळ प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाचा निकाल किंवा ‘कोर्स रिपोर्ट’, पार्ट टू ऑर्डरची प्रत अथवा निदान तिचा क्रमांक व दिनांक हे सर्वांत बळकट पुरावे होत. त्यांच्या खालोखाल येतात ते प्रशिक्षणासाठी रवाना केल्याचा आदेश, प्रशिक्षणार्थींची नामावली आणि त्या अर्हतेमुळे वेतनात झालेल्या बदलाची नोंद.

प्रशिक्षण वर्गाचे सामूहिक छायाचित्र, सहकाऱ्याचे पत्र, निरोपाच्या वेळी मिळालेली ढाल या गोष्टी जवानाला कितीही मोलाच्या वाटल्या, तरी त्या पूरक पुरावाच ठरतात. त्यांच्यामुळे तारीख अथवा संस्था शोधण्यास मदत होते. एकट्या त्यांच्या बळावर नोंद होत नाही. प्रतिज्ञापत्राचेही तसेच आहे. प्रतिज्ञापत्राने आपले म्हणणे शपथेवर मांडले जाते. परंतु प्रशिक्षण झाल्याचा कागद त्यातून निर्माण होत नाही.

आणखी एक इशारा अत्यंत आवश्यक आहे. पुस्तिकेतील कोऱ्या जागेत स्वतःच्या अथवा दुसऱ्या कोणाच्या हाताने नोंद भरणे, खाडाखोड करणे, अक्षर गिरविणे हे कटाक्षाने टाळले पाहिजे. शासकीय दस्तऐवजात फेरफार करणे हा गुन्हा आहे. शिवाय असा एक शब्द सापडला की संपूर्ण पुस्तिकाच संशयाच्या भोवऱ्यात सापडते आणि खऱ्या नोंदींचेही मोल उरत नाही. दुरुस्ती ग्राह्य ठरते ती अभिलेख अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने व शिक्क्यानेच.

अर्ज कोणाकडे करावा?

तहसील कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय किंवा ग्रामपंचायत यांना डिस्चार्ज बुकात बदल करण्याचा अधिकार नाही. तो अधिकार संबंधित अभिलेख कार्यालयाचा आहे. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या जवानांचे अभिलेख कार्यालय बेळगाव येथे, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्यात खडकी येथे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, चिलखती दलाचे अहिल्यानगर येथे, सिग्नल्सचे जबलपूर येथे, ई.एम.ई.चे सिकंदराबाद येथे आणि आर्मी मेडिकल कोअरचे लखनौ येथे आहे. नौसैनिकांचे अभिलेख मुंबईत मानखुर्द येथील ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’कडे आणि वायुसैनिकांचे नवी दिल्लीतील सुब्रोतो पार्क येथील वायुदल अभिलेख कार्यालयाकडे असतात.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करणे सोयीचे ठरते. त्यात पुढील तपशील क्रमाने द्यावा : सैनिकी क्रमांक, हुद्दा व पूर्ण नाव, भरती व सेवामुक्तीच्या तारखा, सेवा केलेली युनिटे व त्यांचा काळ, राहून गेलेल्या प्रशिक्षणाचे नेमके नाव, संस्था व ठिकाण, प्रारंभाची व समाप्तीची तारीख, मिळालेली श्रेणी, त्यावेळचे युनिट, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक माहीत असल्यास तो. शेवटी मागणी एकाच वाक्यात, स्पष्ट शब्दांत लिहावी : ‘सदर प्रशिक्षणाची नोंद डिस्चार्ज बुकात करण्यात यावी, ते शक्य नसल्यास अभिलेखाच्या आधारे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देण्यात यावे.’ हा पर्याय आवर्जून लिहावा. पुस्तिकेत बदल होण्यास वेळ लागला, तरी अभिलेख कार्यालयाच्या स्वतंत्र प्रमाणपत्राने नोकरीचे काम होऊ शकते.

अर्जासोबत कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. मूळ पुस्तिका व मूळ प्रमाणपत्रे मागितल्याशिवाय पाठवू नयेत. मागणी झाल्यास पाठविण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रत घरी ठेवावी आणि टपालाची पावती जपून ठेवावी. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठविणे हितावह असते. तेथील अधिकाऱ्यांना अभिलेख कार्यालयांशी पत्रव्यवहाराची सवय असते आणि आवक-जावक नोंद राहिल्यामुळे पाठपुरावा करता येतो.

एक उदाहरण

ही रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, खटाव तालुक्यातील एक जवान ई.एम.ई.मध्ये वाहन मेकॅनिक म्हणून १७ वर्षे सेवा करून नायक या हुद्द्यावर निवृत्त झाला. सेवेच्या नवव्या वर्षी त्याने दुसऱ्या राज्यातील प्रशिक्षण संस्थेत डिझेल इंजिन दुरुस्तीचा वरच्या श्रेणीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याच सुमारास त्याचे युनिट सीमावर्ती भागात हलले. पुस्तिकेत त्याचे प्राथमिक ट्रेड प्रशिक्षण नमूद आहे. वरच्या श्रेणीचा उल्लेख नाही. एका कार्यशाळेतील पदासाठी नेमके हेच प्रशिक्षण मागितलेले आहे, आणि अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे.

हा जवान सर्वप्रथम घरातील ट्रंक पालथी घालतो. त्यात संस्थेचे प्रमाणपत्र सापडते. त्यावर अभ्यासक्रमाचा क्रमांक व तारखा आहेत. त्या आधारे तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सिकंदराबाद येथील अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करतो. अभिलेख कार्यालय प्रथम शीट रोल पाहते. तेथे नोंद असती, तर काम केवळ उताऱ्याच्या दुरुस्तीचे होते. परंतु तेथेही नोंद नाही. आता प्रश्न असा उरतो की, प्रशिक्षण खरोखर पूर्ण झाले काय? त्याचे उत्तर जवान देऊ शकत नाही आणि अभिलेख कार्यालयही स्वतः देऊ शकत नाही. ते प्रशिक्षण संस्थेच्या निकालपत्रकात आहे. संस्थेकडे विचारणा होते. निकालपत्रकात जवानाचा क्रमांक, नाव व श्रेणी आढळली, की खात्री पटते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद पूर्ण होते.

दरम्यान तीन आठवड्यांची मुदत थांबत नाही. म्हणून जवानाने नोकरीचा अर्ज मुदतीतच करावयाचा, त्यासोबत संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत आणि दुरुस्तीच्या अर्जाची पोच जोडावयाची, आणि वस्तुस्थिती खरेपणाने लिहावयाची. अंतिम दिनांकापूर्वी अर्हता प्राप्त केलेली असणे ही एक बाब आहे, आणि तिचा पूर्ण पुरावा कागदपत्र पडताळणीच्या वेळी देणे ही दुसरी. दुसऱ्या बाबीला कितपत सवलत आहे हे जाहिरातीतील अटींवरून ठरते; म्हणून त्या अटी बारकाईने वाचाव्यात. ही संधी हुकली, तरी दुरुस्तीचा अर्ज सोडून देऊ नये. एकदा झालेली नोंद पुढील प्रत्येक जाहिरातीला उपयोगी पडते.

नोंद झाली म्हणजे नोकरीसाठी अर्हता आपोआप मान्य झाली असे मात्र नव्हे. सैनिकी ट्रेड आणि नागरी अभ्यासक्रम यांची समकक्षता ठरविणारे नियम वेगळे असतात, आणि अंतिम निर्णय नियुक्ती प्राधिकाऱ्याचा असतो. नोंदीमुळे त्या निर्णयासाठी उभे राहण्याचा हक्क मिळतो.

वरच्या श्रेणीच्या नोंदीमुळे वेतनगटात व पर्यायाने निवृत्तिवेतनात फरक पडणार असेल, तर ती मागणी वेगळी समजावी. अभिलेख दुरुस्त झाल्यानंतर निवृत्तिवेतन आदेशाचे शुद्धिपत्र निघावे लागते. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा. दोन मागण्या एकाच पत्रात मिसळल्यास दोन्ही रेंगाळतात.

माहितीच्या अधिकाराचा उपयोग

पुष्कळदा जवानाकडे कोणताच कागद उरलेला नसतो. पावसात घर गळले, बदल्यांत पेटी हरवली, अशी कारणे असतात. अशा वेळी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा आधार घेता येतो. आपल्या शीट रोलची, प्रशिक्षणविषयक नोंदींची व संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत मिळावी असा अर्ज अभिलेख कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून करता येतो. माहिती देण्याची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. ती न मिळाल्यास अथवा अपुरी मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

मात्र या अधिकाराची मर्यादा ओळखली पाहिजे. जी माहिती अभिलेखात आहे तिची प्रत या कायद्याने मिळते. जी नोंद अभिलेखात नाही ती या कायद्याने निर्माण होत नाही. ‘माझी नोंद का केली नाही, ती ताबडतोब करा’ असा मजकूर माहितीच्या अर्जात लिहिल्यास हाती काही लागत नाही. माहितीचा अर्ज पुराव्यासाठी आणि दुरुस्तीचा अर्ज नोंदीसाठी, असे हे दोन अर्ज निरनिराळे ठेवावेत.

नकार मिळाल्यास किंवा उत्तरच न आल्यास

अभिलेख कार्यालयाने नकार दिल्यास त्याचे कारण लेखी मागावे. पुरावा अपुरा असल्याचे कारण असेल, तर नवा पुरावा मिळवून पुन्हा निवेदन करता येते. सर्व विभागीय मार्ग संपल्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे काम २००९ मध्ये सुरू झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत तेथे अर्ज करावयाचा असतो. निवेदन देऊन सहा महिने लोटले तरी आदेश मिळाला नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत अर्ज करता येतो. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. यावरून निवेदनाची पोच आणि तिच्यावरील तारीख यांचे महत्त्व लक्षात येईल. तोंडी चौकशीला तारीख नसते. लेखी अर्जाला असते.

कागद कायमचा नसतो

दुरुस्तीचे काम पुढे ढकलण्याची सवय घातक ठरते, कारण अभिलेखही अमर नसतात. निवृत्तिवेतन न मिळालेल्या जवानांची सेवेची कागदपत्रे सैन्य विनियमांनुसार २५ वर्षे जतन केल्यावर नष्ट केली जातात. त्यानंतर शोधण्यासाठी मूळ नोंदच उरत नाही. प्रशिक्षण संस्थांचे विलीनीकरण होते, युनिटांची पुनर्रचना होते, आणि ज्यांना सारे आठवत होते ते सहकारीही एकेक करून निघून जातात.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे सेवामुक्त सैनिकाला १९५० पासून ‘डी.डी. २१४’ या क्रमांकाचा नमुना दिला जातो आणि त्यात सैनिकी शिक्षणासाठी स्वतंत्र रकाना असतो. त्यातील उणीव दूर करण्यासाठी ‘डी.डी. २१५’ हा वेगळा नमुना काढला जातो. मूळ कागदाला हात न लावता दुरुस्ती त्याला जोडली जाते. वादग्रस्त प्रकरणांसाठी अभिलेख दुरुस्ती मंडळे आहेत, आणि त्यांचे मूळ १९४६ च्या एका कायद्यात आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत मंडळाकडे अर्ज करावयाचा असतो; न्यायासाठी आवश्यक वाटल्यास ही मुदत शिथिल होते.

परंतु १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकी धारिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के धारिका त्यांत होत्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. पुढे वेतनपत्रके, रुग्णालयांतील नोंदी आणि युनिटांची दैनंदिन वृत्ते धुंडाळून एकेकाची सेवा पुन्हा जुळवावी लागली, आणि ते काम दशकानुदशके चालले. ज्या सैनिकांनी आपले कागद घरी नीट ठेवले होते त्यांचे काम सुकर झाले. एका ठिकाणी ठेवलेला एकच कागद सुरक्षित नसतो, हा त्या आगीचा धडा आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

या कामी गावातील जाणत्या मंडळींचा मोठा हातभार लागू शकतो. शिक्षकांना अर्जातील तपशील सुसंगत लावून देता येईल. प्रशिक्षणाच्या तारखा आणि युनिटांतील सेवेच्या तारखा परस्परांशी जुळतात की नाही हे पाहणे हेच निम्मे काम असते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी माजी सैनिकांच्या मेळाव्यात पुस्तिकांची तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या पुस्तिकेत उणीव आहे त्यांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठविता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. दिवंगत जवानाच्या पत्नीने जुनी प्रमाणपत्रे निरुपयोगी समजून टाकून देऊ नयेत, हेही सांगितले पाहिजे. निवृत्तिवेतनाच्या मागणीत तीच कामी येतात.

जे जवान अद्याप सेवेत आहेत त्यांना सुट्टीवर आल्यावर दोन गोष्टी सुचवाव्यात. प्रत्येक प्रशिक्षण संपताच प्रमाणपत्राची प्रत घरी पाठवावी, आणि पार्ट टू ऑर्डर निघाली काय याची विचारणा करून तिचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. सेवामुक्तीपूर्वी कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा घाईने स्वाक्षरी न करता शिक्षण व ट्रेड यांच्या नोंदी वाचून पाहाव्यात. सेवेत असताना जी दुरुस्ती अल्पकाळात होते, तिच्यासाठी निवृत्तीनंतर कित्येक महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेमुळे हा विषय आणखी महत्त्वाचा झाला आहे. या योजनेतील अग्निवीरांची सेवा चार वर्षांची असते आणि त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत युवकांनाच नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. ऐन पंचविशीच्या आसपास त्यांना नव्या व्यवसायाची वाट धरावी लागेल. सेवानिधीखेरीज त्यांच्या हाती राहणारी मोठी पुंजी म्हणजे शिकलेले कौशल्य आणि त्याची नोंद. तिच्यात उणीव राहिली तर नुकसान अधिक दीर्घकाळ सोसावे लागेल.

जवानाने मागितलेली ही दुरुस्ती म्हणजे मेहेरबानी नव्हे. घाम गाळून जे शिकले त्याची यथार्थ नोंद असावी, एवढीच ती मागणी आहे. पुस्तिका वेळीच वाचावी, पुरावा जपावा, अर्ज योग्य कार्यालयाकडे लेखी करावा आणि पोच सांभाळावी, ही चार पथ्ये पाळली तर बहुतेक प्रकरणांचा निपटारा कोर्टकचेरीविना होऊ शकतो. गावात परतलेल्या प्रत्येक जवानाची पुस्तिका एकदा त्याच्याबरोबर बसून वाचणे, हे त्या दिशेने पहिले पाऊल ठरेल.